शेगडी, हॉटेल आणि आभाळ : पुण्यातले आमचे निवांत शनिवार-रविवार

निखारा (धागाकर्ती)

आम्ही दोघंच राहतो. कोथरूडला, सगळ्यात वरचा मजला, घराला लागून मोकळी गच्ची. आठवडाभर दोघंही हिंजवडीच्या वाऱ्या करतो, त्यामुळे शनिवार-रविवारी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरलेलं आहे. नियम एकच: दोन दिवसांत एकदा गच्चीत शेगडी पेटवायची आणि एकदा बाहेर जेवायचं. त्यातलं कुठलं शनिवारी नि कुठलं रविवारी, हे आधी ठरवत नाही. सकाळी चहाचे कप घेऊन बाहेर यायचं, आभाळ बघायचं आणि मग बोलायचं.

असं जगायला पुण्याइतकं सोयीचं गाव नाही, असं माझं ठाम मत आहे. इथली हवा पालटते खूप, पण छळत नाही. पावसाळ्यातही मधूनमधून चांगली उघडीप मिळते आणि मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटतो. अट एवढीच की आपण तिच्याशी हट्ट करायचा नाही. 'या रविवारी बार्बेक्यू म्हणजे बार्बेक्यूच' म्हणून आठ जणांना आवतण दिलं की पोटात गोळा येतो. दोघांपुरता बेत असला तर पाच मिनिटांत फिरवता येतो.

आमचं वर्ष साधारण असं जातं. एप्रिल-मे वळवाचे. दुपारी अंगाची लाही होते, वारा पडतो, ढग चढायला लागतात. अशा दिवशी शेगडी सकाळीच, अकराच्या आत, नाहीतर थेट पाऊस पडून गेल्यावर. वळीव कोसळून गेल्यानंतरची संध्याकाळ मला सगळ्यात प्रिय. फरशी ओली, हवा गार, आणि जाळीवर पाठीला चिरा दिलेला अख्खा बांगडा. हळद, मीठ, लाल तिखट, चिंचेचा कोळ, बाकी काही नाही. जाळी आधी चांगली तापवून तिला तेलाचं बोट फिरवायचं आणि मासा टाकल्यावर हात लावायचा नाही. कातडी भाजली की ती आपोआप जाळी सोडते. नवऱ्याला चुळबुळ करायची सवय आहे, म्हणून चिमटा माझ्या ताब्यात असतो.

जून-जुलैत कोकणात यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे तेव्हा मासा नाही. श्रावणात आम्ही दोघंही सामिष खात नाही. मग कणसं, रताळी, पनीर, ढोबळी मिरची. लोकांना वाटतं शेगडी म्हणजे चिकनच. भाजलेल्या रताळ्यावर लोणी आणि जिरेपूड घालून खाऊन बघा, मग बोलू.

पावसाची पिरपिर लागली की बाहेर. डेक्कनला गुडलकचा बन मस्का, नाहीतर कॅम्पात दोराबजीचं धनसाक. पावसात कॅम्पात पायी फिरायला आम्हाला फार आवडतं. छत्री एकच घ्यायची.

तुमचे असे बेत असतात का? आणि एक अडचण आहे: पावसाळ्यात कोळसा दमट होतो, तडतडतो, ठिणग्या उडतात. तुम्ही कसा ठेवता?

---

एरंडवणेकर

छान धागा. कोळशाचं सोपं आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा धुऊन वाळवला तरी चालतो. वापरायच्या आदल्या दिवशी ऊन असेल तर परातीत पसरून द्या. ऊन नसेल तर पेटत्या शेगडीच्या कडेला पुढची खेप मांडून ठेवा, उष्णतेनं सुकते. दमट कोळसा थेट निखाऱ्यांत टाकू नका. आतल्या पाण्याची वाफ होते आणि तुकडा फुटतो, डोळ्यांना धोका.

कोळसा बाभळीचा मागा. जड असतो, पेटायला वेळ घेतो, पण आच टिकते. हलका, भुसभुशीत कोळसा भरभर जळून जातो आणि ऐन चिकन अर्धवट असताना शेगडी थंड पडते.

---

पर्वतीपायथा

रॉकेल टाकून पेटवणाऱ्यांनी कृपया ते थांबवावं. वास अन्नाला लागतो. नारळाची करवंटी आणि शेंडी, वर दोन कापराच्या वड्या, एवढं पुरतं. आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीतून दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा नळकांडा आणला, खालच्या अंगाला भोकं पाडून घेतली आणि मध्ये जाळी बसवून घेतली. खाली कागद नि करवंटी, वर कोळसा. वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते, मग शेगडीत ओतायचा. फुंकणी नको, पुठ्ठा हलवायला नको.

---

अभ्रक

हवेबद्दल थोडं, कारण तो माझा आवडीचा विषय.

पुण्याच्या हवेला 'सौम्य' म्हणतात त्याला कारण आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. लोणावळा इथून जेमतेम ६५ किलोमीटर, तिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शिवाजीनगरला साधारण साडेसातशे. म्हणून पावसाळ्यातही उघडीप मिळते. निखाराताईंची गच्ची मुंबईत असती तर जुलैत शेगडी माळ्यावर गेली असती.

वळवाच्या आधी तो गार वाऱ्याचा झोत येतो ना, तो लक्षात ठेवा. ढगातून पाऊस खाली पडताना त्यातल्या पाण्याची वाफ होते, हवा थंड आणि जड होते, जोरात खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तीच धूळ घेऊन तुमच्यापर्यंत पोचते, पावसाच्या आधी. म्हणजे झोत आला याचा अर्थ ढग जवळच कुठेतरी कोसळतोय. तेव्हा चर्चा करायची नाही, आवरायचं.

आणि विजेबद्दल कळकळीचं सांगणं: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची सोडायची आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही. हातात लोखंडी सळई असो वा नसो, उघडी गच्ची ही वीज चमकत असताना थांबायची जागाच नाही. पाषाणच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. आसपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

---

सुगरण_वारजे

अभ्रक, +१. त्यात माझी भर: पाऊस आला म्हणून पेटती शेगडी बंद बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात ओढून आणू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो निघतच असतो. अन्न आत आणा, राहिलेलं तव्यावर भाजा, शेगडीवर पत्र्याचं झाकण ठेवा आणि ती बाहेरच राहू द्या.

राखसुद्धा लगेच कचऱ्यात नको. लोखंडी बादलीत रात्रभर ठेवा. वरून गार दिसते, आत निखारा जिवंत असतो.

---

शेजारधर्म

मी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नये. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे एक कुटुंब थंडीत दर शनिवारी रात्री बार्बेक्यू करतं. माझ्या आईला दमा आहे. खिडक्या लावून बसलो तरी धूर आत येतो. सांगायला गेलो तर 'आमची गच्ची आहे' असं उत्तर मिळालं. गच्ची तुमची असेल, हवा सगळ्यांची आहे. असे निवांत शनिवार-रविवार बाकीच्यांनाही हवे असतात.

---

निखारा

शेजारधर्म, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत. आम्ही पेटवायच्या आधी त्यांना फोन करतो. त्यांचे कपडे वाळत असतील किंवा त्यांना बरं नसेल तर त्या सांगतात आणि आम्ही बाहेर जेवायला जातो. त्या बदल्यात नाही, पण भाजलेलं कणीस त्यांच्याकडे आवर्जून जातं. दात नाहीत म्हणून दाणे सोडवून, मीठ-लिंबू लावून.

धूर कमी करायलाही बरंच हातात असतं. मुरवलेल्या चिकनचं जास्तीचं तेल आणि दही निथळून मगच जाळीवर ठेवायचं. धूर कोळशाचा कमी आणि निखाऱ्यांवर टपकणाऱ्या तेलाचा जास्त असतो. एका बाजूला निखारे, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. तंगडी आधी मोकळ्या बाजूला झाकण घालून शिजवायची आणि शेवटची चार-पाच मिनिटं निखाऱ्यांवर आणायची. बाहेरून काळी नि हाडापाशी गुलाबी, अशी गत होत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता टोचायचा, ७४ अंश झाले की उतरवायचं.

---

अभ्रक

शेजारधर्म, तुमच्याकडे थंडीतच त्रास होतो यामागे कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळला की जमीन झपाट्यानं गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर मात्र उबदार थर राहतो. मग खालची गार, जड हवा वर जात नाही आणि धूर तिच्यातच अडकून पसरतो. पुणे टेकड्यांच्या मध्ये वसलेलं असल्यामुळे अशा रात्री तो रेंगाळतो. पहाटे वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांना शहरावरचा करडा पट्टा रोज दिसत असेल.

त्यामुळे थंडीतली शेगडी दुपारी. बारा ते तीन. ऊन अंगाला सुखावतं, जमीन तापलेली असते, हवा वर चढत असते आणि धूर निघून जातो. रात्रीच्या गारठ्यात शेकोटीपाशी बसायला बरं वाटतं हे मान्य, पण शहरात तरी टाळावं.

---

शेजारधर्म

हे माहीत नव्हतं. वरच्यांना ही दुपारची कल्पना सुचवून बघतो. धन्यवाद.

---

नारायणपेठी

बाहेर खाण्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. शनिवारी रात्री हॉटेलात जाणं आम्ही बंद केलं आहे. बाहेर उभं राहून नाव पुकारण्याची वाट बघायची, आत गेल्यावर पाठीमागे पुढचे लोक खुर्ची धरून उभे, आणि पहिला घास घेतो न घेतो तोच वेटर 'अजून काही?' विचारणार. एका नावाजलेल्या ठिकाणी हा अनुभव आला आणि हिला जेवण गोडच लागलं नाही.

आता आम्ही रविवारी सकाळी लवकर जातो. मिसळ खायची तर नऊच्या आत. बेडेकरांची स्लाइससोबत, किंचित गोडसर. झणझणीत हवी असेल त्या दिवशी काटाकिर्र. तिथून मंडईत, पिशवीभर भाजी, आणि दुपारी घरी वरण-भात. फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत जायचं तर आठवड्यातल्या दिवशी दुपारी चारला. कयानीची बिस्किटं हवी असतील तर लक्षात ठेवा, बेकरी दुपारी बंद असते.

पेठेत राहणाऱ्यांसाठी पावसाळ्यात आणखी एक: खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो. डेक्कनला जेवायला जायचं असेल तर निघण्याआधी बातम्या बघा, नाहीतर लकडी पुलावरून जावं लागतं आणि सगळं गाव तिथंच लोटलेलं असतं. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा मी लहान होतो. नदीला पाणी आलं की बघायला गर्दी करणाऱ्यांत आम्ही दोघं आजही नसतो.

---

मुठाकाठ

रविवारी पावसात लोणावळा, मुळशी, ताम्हिणी, सिंहगड यांपैकी कुठंही दहानंतर निघू नका, एवढंच सांगते. आम्ही सहाला निघतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही, आणि गाड्यांची रांग वर चढत असताना आम्ही खाली उतरत असतो.

---

निखारा

मुठाकाठ, सिंहगडावरून आठवलं, आमच्या गच्चीतून नैऋत्येला गडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. तो ढगात गेला की पाऊस आमच्याकडे पोचायला फार वेळ लागत नाही, निदान पावसाळ्यात तरी. नवरा ॲप बघतो, मी टॉवर बघते.

नारायणपेठी काका, तुमचा रविवार फार आवडला. चार वाजता वैशाली हे लक्षात ठेवते.

---

नारायणपेठी

पावसाळ्यात टॉवर बरोबर सांगतो, कारण ढग पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतात. वळवात त्याच्यावर विसंबू नका, तो कुठूनही येतो. आमचे वडील नक्षत्रांवर हिशेब ठेवायचे: पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि सप्टेंबरच्या अखेरीला हस्ताचा, गडगडाट करत येणारा. हस्तात संध्याकाळी गच्चीत काही मांडू नये.

---

अभ्रक

काका, अगदी. मोसमी वारे परतताना दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो, तो बराचसा हस्ताच्याच सुमारास. शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून तिथं आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, चौकाचं नाव राहिलं.

---

खानदेशी_लेक

शेगडीच्या धाग्यात भरिताचं नाव नाही? मी मूळची जळगावची, आता बावधनला. थंडीत गावाकडची मोठी, फिकट हिरवी वांगी आली की आमचा रविवार ठरलेला. वांग्याला तेलाचा हात लावायचा, दोन-चार ठिकाणी टोचायचं, निखाऱ्यांवर ठेवायचं आणि देठाला धरून फिरवत राहायचं. आधी साल काळी पडते, मग ती सुटते, मग देठापाशी फेसाळ पाणी येतं. ते पाणी आटलं आणि वांगं आपल्याच वजनानं बसलं की झालं. गॅसवर हा वास येत नाही. गावी तुराट्या, पऱ्हाट्यांवर भाजतात, त्याची सर कोळशालाही नाही, पण फ्लॅटमध्ये कोळसा ठीक.

साल काढून लाकडी बडगीत ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण घालून वांगं घोटायचं. मिक्सर लावला तर त्याची पेज होते. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. सोबत कळण्याची भाकरी.

माझा नवरा कोल्हापूरचा, त्याला आधी बिनमटणाची शेगडी पटायची नाही. आता डिसेंबर लागला की तोच वांग्यांची चौकशी करतो.

---

पर्वतीपायथा

खानदेशी_लेक, जाळीवर की थेट निखाऱ्यांवर? थेट ठेवलं तर राख चिकटते.

---

खानदेशी_लेक

थेट. राख सालीबरोबर निघून जाते. पण वांगं धुवायचं नाही, पाण्यानं सगळा स्वाद जातो. बोटं ओली करून साल काढा, भाजणारही नाहीत.

---

नवखा_बाणेर

आमचं नुकतंच लग्न झालंय, दोघांनाही स्वयंपाक बेताचा येतो. गच्ची सोसायटीची आहे. शेगडी घ्यावी का? दोघांना किती कोळसा लागतो?

---

सुगरण_वारजे

सामाईक गच्ची असेल तर आधी सोसायटीच्या कमिटीला विचारा, लेखी परवानगी घ्या. पाण्याच्या टाक्या, सौर पॅनेल, केबलच्या वायरी यांच्यापासून लांब मांडा आणि पाण्याची बादली शेजारी असू द्या. मोठी महागडी शेगडी पहिल्यांदाच नको. लहान लोखंडी पुरे.

सुरुवात पनीर आणि कणसांनी करा. दही बांधून त्याचा चक्का घ्या, नाहीतर मसाला गळून जातो. लाकडी काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. कणीस वरच्या पानांसकट भिजवून ठेवलं तर आत वाफेवर शिजतं, मग पानं सोलून शेवटी निखाऱ्यांवर रंग आणायचा.

---

निखारा

नवखा_बाणेर, दोघांना किलोभर कोळसा पुरतो, बाभळीचा असेल तर उरतोही. आच बघायची असेल तर जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर पनीर-मासे टाकायची वेळ झाली, पाच-सहा सेकंद धरता आला तर तंगडी आणि रताळी.

शनिवारी दुपारी उघडीप दिसली तर परवानगी घेऊन पेटवा. पिरपिर असेल तर कोळसा डब्यात जाऊ द्या आणि दोघं बाहेर जा. बाणेरहून पावसात कॅम्प लांब पडेल, औंधला काहीतरी बघा. पनीर फ्रीजमध्ये रविवारपर्यंत छान मुरतं. मीठ मात्र भाजायच्या अगदी तोंडावर लावा, आदल्या दिवशी लावलं तर पाणी सुटतं.